घरची चव, पण कोणाच्या घरची?

दिवाळी अंक नेमाने वाचणाऱ्यांना एक ललितलेख आता तोंडपाठ झालेला असेल. दरवर्षी तो नव्या नावाखाली छापला जातो, एवढेच. स्थळ न्यू जर्सी, लंडन, श्टुटगार्ट किंवा मेलबर्न. बाहेर बर्फ पडत असतो (मेलबर्न असल्यास नुसताच परकेपणा). घरात निवेदक एकटा, किंवा नुकतीच लग्न होऊन आलेली निवेदिका. कालनिर्णयावर गणेशचतुर्थी. मग तांदळाच्या पिठीचा शोध सुरू होतो. दोन बस आणि एक आगगाडी बदलून कुठल्याशा गुजराती दुकानात पिठी सापडते. पहिला मोदक फुटतो, दुसरा बसतो, तिसऱ्याला कळ्या पडतात. हळदीचे पान मात्र मिळत नाही, आणि त्या न मिळालेल्या पानाच्या वासावरून आजी, वाडा, माजघर, पितळी डबे असे सगळे क्रमाक्रमाने येऊन डोळे पाणावतात. लेख संपतो.

या लेखाविषयी माझी तक्रार तो हळवा आहे ही नव्हे. हळवेपणा हा मराठी ललितगद्याचा जुना आणि मान्य व्यवहार आहे, आणि चांगल्या लेखकाच्या हाती त्याचे सोनेही झालेले आपण पाहिले आहे. परदेशात माणसाला घरचे खावेसे वाटते, यात हसण्यासारखेही काही नाही. तक्रार अशी की ‘घर’ हा शब्द हा लेख इतक्या निर्धास्तपणे वापरतो की जणू मराठी बोलणाऱ्या सर्वांचे मिळून एकच स्वयंपाकघर होते, आणि आपण सारे त्यातून एकाच दाराने बाहेर पडून विमानात बसलो. समीक्षेने या प्रकाराला ‘स्मरणरंजन’ असा शब्द देऊन हात झटकले. स्मरण कोणाचे आणि रंजन कोणाचे, हे विचारायचे राहूनच गेले.

एक साधा उद्योग करून पाहावा. हाताशी असतील तेवढे असे लेख घ्यावेत आणि त्यांतील पदार्थांची यादी करावी. मोदक, पुरणपोळी, थालीपीठ, आमटी-भात, मेतकूट, साबुदाण्याची खिचडी, चकली. फार तर पिठले-भाकरी येते, तीही हौसेची म्हणून. सुकट नाही, जवळा नाही, वजडी नाही, उन्हात वाळवलेल्या चान्या नाहीत, हुलग्याचे माडगे नाही, मराठवाड्यातला येसूर नाही. वास्तविक सामानातून न्यायला सुक्या बोंबलासारखी सोयीची वस्तू दुसरी नाही. तो नासत नाही, सांडत नाही, वजनालाही हलका. आणि तो नेला जातो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. चार पिशव्यांत गुंडाळून, कपड्यांच्या घड्यांमध्ये लपवून, कस्टमच्या आणि त्याहून अधिक शेजाऱ्यांच्या धास्तीने नेला जातो. यात नाट्य आहे, विनोद आहे, भीती आहे. ललितलेखाला आणखी काय हवे? तरीही तो लेख आमच्यापर्यंत येत नाही. मोदकाला वाङ्मयीन प्रतिष्ठा आहे आणि बोंबलाला नाही, याचे कारण चवीत शोधून सापडणार नाही.

साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, मिरची आणि शेंगदाणा, म्हणजे आपल्या उपवासाचे जवळजवळ सगळे ताट, दक्षिण आणि मध्य अमेरिकेतून निघून सोळाव्या शतकापासून पुढे समुद्रमार्गे इकडे आले. ‘बटाटा’ हा शब्दच पोर्तुगीज. हे आता शाळकरी मुलांनाही माहीत असते, म्हणून त्यावर रेंगाळत नाही.

त्यापेक्षा ‘आईच्या हातची चव’ या शब्दप्रयोगाकडे वळू. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाले आणि पुढील काही दशकांत परदेशी निघालेल्या कितीतरी मराठी मुलामुलींच्या बॅगेत ते गेले. वाटी आणि चमचा ही मापे धरून लिहिलेले ते पुस्तक होते, आणि ज्याने आयुष्यात कधी फोडणी केली नाही त्यालाही ते स्वयंपाक शिकवू शकत असे. त्या पुस्तकाविषयी मला आदरच आहे. पण मग परदेशात शिजलेली आणि डोळ्यांत पाणी आणणारी ती आमटी आईच्या हातची होती की छापखान्यातून आलेली, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याने तरी विचारायला हवा. मुद्रणाने आपल्या बोलींचे जे केले तेच आमट्यांचेही केले. एक प्रमाण ठरवले आणि उरलेल्यांना ‘आमच्याकडे जरा वेगळी करतात’ असे अजिजीने म्हणायला लावले. प्रमाणभाषेच्या वादावर आम्ही मराठीचे अध्यापक वर्षानुवर्षे चर्चासत्रे भरवतो. प्रमाण आमटीचा विषय कोणी काढत नाही.

‘हातची’ या शब्दातही एक खोच आहे. या लेखांचे अनेक निवेदक पुरुष आहेत, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी शेगडी पहिल्यांदा पेटवली ती परदेशात. घरी असताना ताट समोर येत होते. तिकडे ते येईनासे झाले. या येईनासे होण्याला आपल्या ललितगद्याने ‘चवीची आठवण’ असे नाव दिले. आठवण चवीची असते हे खरे. पण कोणीतरी वाढते आहे, पाणी ठेवते आहे, ‘अजून एक घे’ म्हणते आहे, या व्यवस्थेचीही ती असते, आणि त्या व्यवस्थेत जी उभी होती तिला स्वतःला काय आवडत होते हे लेखात कधीच येत नाही. आजीच्या हाताचे कौतुक चार परिच्छेद चालते. आजी जेवायला किती वाजता बसत होती, हे एका वाक्यातही कळत नाही.

आता कोणी म्हणेल की परदेशातील ताट हा विषयच उथळ आहे, त्याच्याकडून किती अपेक्षा करायची? याचसाठी मला थोडे मागे जायचे आहे. कारण हा विषय मराठी इतिहासात एके काळी अत्यंत गंभीरपणे हाताळला गेलेला आहे, आणि तो एका बाईने हाताळला आहे.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्या. धर्म बदलला, देश बदलला, भाषा बदलली. जेवण मात्र बदलले नाही. त्या शाकाहारीच राहिल्या, अंडे घातलेले गोड पदार्थही त्यांनी नाकारले. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना हे खटकले. हा जातीचा शिल्लक राहिलेला अभिमान आहे, खऱ्या ख्रिस्ती स्त्रीने तो टाकला पाहिजे, असा त्यांचा रोख होता. रमाबाईंनी पत्रातून जे उत्तर दिले ते महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रकाशित केलेल्या पत्रव्यवहारात आहे. ते मूळ इंग्रजीतून प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे. माझा गर्व तुम्हाला माझ्या खाण्यापिण्यात, दुधा-लोण्यात शोधायचा असेल तर खुशाल शोधा, असा त्यातील सूर आहे. आणि पुढे एक बिनतोड प्रश्न आहे: एखादी इंग्रज बाई काही काळ हिंदूंमध्ये जाऊन राहिली, आणि कोणालाही अपाय न करणाऱ्या आपल्या सवयी तिने बदलल्या नाहीत, म्हणून तिला कोणी गर्विष्ठ आणि पूर्वग्रहदूषित म्हटले तर तिला ते कसे वाटेल?

या उत्तरात गहिवर कुठेही नाही. आजी नाही, वाडा नाही. असता तरी कुठून? रमाबाईंचे बालपण आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा करण्यात गेले आणि त्या आईवडिलांचा मृत्यू दुष्काळात, उपासमारीने झाला. ‘घरची चव’ या शब्दांचा जो अर्थ आपण गृहीत धरतो तो त्यांना उपलब्धच नव्हता. तरीही परक्या शहरात त्यांनी आपले ताट सोडले नाही, कारण ते सोडण्याची मागणी करणाऱ्याचा हेतू त्यांना स्पष्ट दिसत होता. त्यांच्या दृष्टीने ताट हा स्वातंत्र्याचा प्रश्न होता. आणि प्रामाणिकपणे हेही म्हटले पाहिजे की ते ताट ब्राह्मणी होते. जेराल्डिनबाईंनी दाखवलेली जात अगदीच काल्पनिक नव्हती. आपण जातीच्या पूर्वग्रहांतून पूर्ण सुटलेलो नाही असे रमाबाई त्याच पत्रात लिहितात, आणि ‘तुम्ही ज्याला तसे म्हणता’ अशी मखलाशी जोडून लिहितात. या एका वाक्यात कबुली आहे, उपरोध आहे आणि प्रतिकारही आहे. आमच्या दिवाळी अंकांतील शंभर मोदक एका पारड्यात घातले तरी एवढे वजन भरणार नाही.

जाता जाता गांधींचाही दाखला देता येईल. १८८८ साली ते लंडनला गेले तेव्हा बेचव उकडलेल्या भाज्यांनी बेजार झाले होते. फॅरिंग्डन स्ट्रीटवरचे शाकाहारी उपाहारगृह सापडेपर्यंत त्यांचे पोट भरत नव्हते. पुढे मात्र त्यांनी घरून मागवलेली मिठाई आणि मसाले स्वतः होऊन बंद केले, आणि चवीचे खरे ठिकाण जीभ नसून मन आहे असा निष्कर्ष आत्मकथेत नोंदवला. तो पटो न पटो, निदान तो निष्कर्ष आहे. आमचा निवेदक हळदीच्या पानापाशी थांबतो.

आणि आता ज्या उदाहरणासाठी मी हे सगळे लिहितो आहे ते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० नंतर लंडनमध्ये दुसऱ्यांदा शिकत होते तेव्हाच्या त्यांच्या हालाखीचे वर्णन धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे. घरमालकीण कडक, न्याहारी अपुरी, दुपारचे जेवण जवळजवळ नाही. दिवसभर ग्रंथालयात बसून रात्री परत आल्यावर भूक अनावर होई, तेव्हा ओळखीच्या एका भारतीयाने दिलेले पापड भाजून ते खात आणि पुन्हा वाचायला बसत. परदेशात पापड! आमच्या ललितलेखकाच्या हाती ही वस्तू लागली असती तर उडदाच्या पिठापासून गच्चीवरच्या वाळवणापर्यंत त्याने दोन पाने सहज लिहिली असती. आंबेडकरांच्या आयुष्यात त्या पापडाचे काम भूक मारणे हे होते. त्यात कोणत्याही घराची हाक नव्हती.

असती तरी कोणत्या घराची असावी? ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आत्मपर टिपणांत ते सांगतात की युरोप-अमेरिकेतील पाच वर्षांच्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून गेली होती. ती परत आली ती मायदेशी, १९१७ साली बडोद्याच्या स्थानकावर उतरल्यावर, आता राहायचे कुठे या प्रश्नाबरोबर. ज्या शाळेत पाण्याच्या नळाला हात लावायची मुभा नव्हती, शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागायची, त्या शाळेच्या गावाकडे पाहून न्यूयॉर्कच्या खाणावळीत कोणी उसासा टाकावा अशी अपेक्षा करणे हे अरसिकतेच्याही पलीकडचे आहे. परक्या शहराची चव ही मराठी माणसांपैकी काहींच्या वाट्याला आलेली पहिली निर्भय चव होती. दुसऱ्याच्या शेजारी बसून, त्याच भांड्यातले, त्याच चमच्याने वाढलेले अन्न. आपल्या ‘परदेशातील खाद्यस्मृती’ नावाच्या दालनात या अनुभवाला खुर्ची कुठे आहे?

वर्गात असाच एक लेख शिकवत असताना (पाठ्यपुस्तकात होता, माझी निवड नव्हती) मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले होते, “सर, यांच्या घरी कधी काही कमी पडायचं नाही का?” ती मराठवाड्यातून आलेली होती. तिने विचारलेला प्रश्न आस्वादक समीक्षेच्या कोणत्याही परिभाषेत बसत नव्हता आणि त्या लेखाविषयी वर्षभरात बोलले गेलेले तेच एक वाक्य मला समीक्षा वाटले. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली प्रसिद्ध झाले. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची ती नोंद आहे. शीर्षकातल्या एका ‘अ’ने पाटोळ्यांनी जे केले ते आमच्या सांस्कृतिक लेखनाला जमले नव्हते. पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद २०२४ साली आला, आणि आता कदाचित त्याच्याकडे नीट लक्ष जाईल. मराठीत असे होते.

घर कोणते हा प्रश्न आणखी एका ठिकाणी उलटा होऊन उभा राहतो. कोकणात शतकानुशतके तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी ते बंद ठेवणारे, म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्राएल १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. त्यांच्या धर्मकल्पनेप्रमाणे हे परदेशगमन नव्हते, ते घरी परतणे होते. लोद, दिमोना, बिरशेबा, अश्दोद अशा गावांत ते वसले. आणि घरी परतल्यावर त्यांना घरची चव म्हणून जे हवे झाले ते होते पोहे. गोड पोहे, खवलेला नारळ, वेलची आणि फळे यांचा मलिदा ते एलियाहू हनाबीच्या नावाने करतात. तो त्यांनी तिकडेही सोडला नाही. नववर्षाला गव्हाच्या चिकाचा, नारळाच्या दुधातला हलवाही करत राहिले. पुढे तर इस्राएलमध्ये ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी चालवले.

पहिली वर्षे गोड नव्हती. १९५१-५२ मध्ये त्यांच्यातील काही जणांनी तेल अवीवमध्ये धरणे धरले आणि आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली; काहींना खरोखरच परत पाठवण्यात आले, आणि त्यांतले बरेच जण नंतर पुन्हा तिकडे गेले. त्यांच्या तक्रारींत एक अशी होती की पांढरा पाव गोऱ्यांसाठी आहे, तुम्ही काळे, तुम्ही काळाच पाव खा, असे त्यांना ऐकवण्यात आले. धर्माने जे घर होते तिथे पावाच्या रंगावरून परके ठरायचे, आणि ज्या कोकणाला सोडून आले त्याची चव पोह्यांतून जपायची! देशीवादावर आम्ही इतकी चर्चा करतो. या ताटातला देशी पदार्थ कोणता, हे तिच्यात कोणी सांगावे.

एवढे झाल्यावर वासाविषयी बोलणे भाग आहे, कारण चवीच्या या वाङ्मयात वास फार असतो आणि तो नेहमी सुगंधच असतो. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातील एका बड्या घरमालकाने आपल्या दलालांना कळवले होते की गौरेतर भाडेकरू नकोत, करीचा वास गालिच्यात मुरतो आणि जात नाही. प्रकरण न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याचे हे धोरण बेकायदा ठरले. मराठी वृत्तपत्रांचा वाचक अशा बातम्यांनी संतापतो, आणि योग्यच संतापतो. पण त्याच संतापलेल्या वाचकाच्या मुंबई-पुण्यातील गृहसंस्थेत भाडेकरूला पहिला प्रश्न काय विचारला जातो? मासे-मटण करता का, जिन्यात वास येतो. केंटमधल्या घरमालकाचे वाक्य आणि आपल्या गृहसंस्थेच्या चिटणीसाचे वाक्य शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. शब्द बदलतील, व्याकरण तेच राहील. लंडनमध्ये करीच्या वासासाठी बाणेदारपणे उभा राहणारा मराठी माणूस इकडे सुट्टीवर आला की स्वतःचा फ्लॅट ‘शाकाहारी कुटुंबास’ भाड्याने देऊन जातो. तिकडच्या त्याच्या लेखात हा फ्लॅट येत नाही. हळदीचे पान येते.

याच माणसाला लंडनच्या ‘इंडियन’ उपाहारगृहांविषयी फार नाक मुरडायचे असते. ती आपली नव्हेतच, बांगलादेश्यांची आहेत, सगळ्या भाज्यांना एकच रस्सा घालतात, वगैरे. ती मुख्यतः सिल्हेटकडच्या लोकांनी उभी केली हे खरेच आहे. त्यांच्यापैकी कितीतरी जण जहाजांवरचे खलाशी म्हणून तिकडे पोचले आणि इंग्रजांना खपेल ते शिजवून त्यांनी पोट भरले. घरची चव त्यांनाही आठवत असणार. ती ग्राहकाला विकण्याजोगी नव्हती, म्हणून त्यांनी ती स्वतःच्या जेवणासाठी ठेवली. एका कामगारवर्गाने परदेशात चवीची ही जी विभागणी केली, एक विकायची आणि एक खायची, ती मला हळदीच्या पानापेक्षा अधिक अभ्यसनीय वाटते.

यावर नेहमीचा आक्षेप येईल: प्रत्येक गोष्टीत जात आणि वर्ग कशाला आणता, माणसाला त्याचा मोदक सुखाने खाऊ द्या. खाऊ द्यावा. मोदक खाण्याला माझी हरकत नाही, मलाही तो आवडतो. पण छापलेला मोदक ही खासगी गोष्ट राहत नाही. तो अंकात येतो, अंकातून निवडक लेखांच्या संग्रहात जातो, तिथून पाठ्यपुस्तकात आणि मग प्रश्नपत्रिकेत: ‘लेखकाच्या मातृभूमीविषयीच्या ओढीचे स्वरूप स्पष्ट करा.’ दहा गुणांसाठी ज्या मुलीने कधी वाडा पाहिला नाही, जिच्या आजीकडे पितळी डबे नव्हते, तिने ती ओढ स्पष्ट करायची. ती करतेही, कारण तिला गुण हवे असतात. आपल्याला नसलेल्या आठवणीवर दीड पान लिहायला आपण तिला शिकवले, आणि याला आपण साहित्यशिक्षण म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. परदेशात एकट्या पडलेल्या, अपमान सोसणाऱ्या माणसाला त्याचे अन्न आधार देते, त्या आधाराची अशी चिरफाड करणे क्रूरपणाचे नाही का? रमाबाईंचे उदाहरण मी दिले ते या आक्षेपाचे बळ मान्य करूनच. वाँटेजमध्ये त्या एकट्या होत्या आणि त्यांचे ताट त्यांना उभे राहायला जागा देत होते. मात्र त्यांनी त्या ताटाकडे पाहणाऱ्या समोरच्या बाईचा चेहराही पत्रात आणला, तिचे म्हणणे आणले, स्वतःतला पूर्वग्रहही आणला. आमच्या लेखात निवेदक आणि मोदक यांच्याखेरीज तिसरे कोणी नसतेच. गुजराती दुकानदार असतो, पण तो पिठी देऊन निघून जातो. तो तिथे कुठून आला, पूर्व आफ्रिकेतून हाकलला जाऊन आला का, त्याच्या घरी काय शिजते, हे विचारायला निवेदकाला सवड नसते. त्याला शेवटची बस पकडायची असते.

संपादकांपुरती एक मागणी करतो. पुढल्या दिवाळीत परदेशातील खाद्यस्मृतींचे दालन काढणारच असाल तर पत्रांच्या यादीत थोडा बदल करावा. आखातात बांधकामावर गेलेला रत्नागिरीचा कामगार एका खोलीत आठ जणांबरोबर काय शिजवतो, त्याच्याकडून लिहून घ्यावे. त्याला लिहायला वेळ नसेल तर कोणी जाऊन ऐकून यावे. जर्मनीत शिकायला गेलेल्या आणि सुकट नेलेल्या मुलीला विचारावे की ती खिडकी उघडून भाजते की बंद करून, आणि खालच्या मजल्यावर जर्मन राहतात की पुण्याचे कोणी.